कमानीवरचे नाव आणि पावतीपुस्तकातले नाव

१

काही महिन्यांपूर्वी नाशकातल्या एका लहानशा संस्थेच्या बैठकीला बसण्याचा योग आला. संस्था आपल्याच माणसांची. वसतिगृह आहे, अभ्यासिका आहे, आता महाविद्यालय काढायचे आहे आणि त्यासाठी पैसा हवा आहे. एका तरुण कार्यकर्त्याने मोठ्या मेहनतीने एक यादी तयार करून आणली होती. जिल्ह्यातले कारखानदार, द्राक्षबागाईतदार, बांधकाम व्यावसायिक, परदेशी गेलेले आपलेच काही डॉक्टर आणि इंजिनियर अशी चाळीस-एक नावे त्या यादीत होती. प्रत्येक नावापुढे तीन रकाने होते : मालमत्ता किती, यापूर्वी कुणाला काय दिले, आणि त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट कोणाकडून. आज मोठी विद्यापीठे याच कामासाठी पगारी माणसे नेमतात. कोणाची देण्याची ऐपत आहे, कोणाला संस्थेविषयी आपुलकी आहे, कोणाला देण्याची सवय आहे, हे शोधून काढायचे. मग त्या माणसाशी वर्ष-दोन वर्षे संबंध वाढवायचा आणि योग्य वेळी योग्य रक्कम मागायची, असे हे शास्त्र आहे.

यादी फिरत फिरत एका वयस्क सभासदाच्या हाती आली. आयुष्यभर नाशिकरोडला सरकारी छापखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले हे गृहस्थ. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि एवढेच विचारले, "बाळ, हा पैसा आला कुठून, त्याचा रकाना नाही का रे?"

बैठकीत थोडा हशा झाला आणि विषय पुढे सरकला. प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. दान देणाऱ्याचा शोध घेणे ही नवी गोष्ट नाही. ज्या नाशकात आपण राहतो त्या नाशकात तिला जवळजवळ एकोणीसशे वर्षांचा लेखी इतिहास आहे. तो इतिहास आपण आपल्या बाजूने वाचलेला नाही. तो वाचावा, आणि त्या वृद्ध सभासदाचा चौथा रकाना भरता येतो का ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

नाशिकहून मुंबईकडे निघाले की डाव्या हाताला त्रिरश्मी डोंगर लागतो. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. ज्या पांडवांचा या डोंगराशी काडीचा संबंध नाही त्यांचे नाव त्याला चिकटले आणि ज्यांनी ही लेणी कोरविली त्यांची नावे भिंतीवर असूनही लोकांच्या ओठांवरून गेली. नाव कसे पुसले जाते याचा हा पहिला धडा.

या डोंगरावर दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. उषवदात हा दिनिकाचा मुलगा आणि क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने लेणे कोरवून संघाला दिले आणि तेवढ्यावर न थांबता तीन हजार कार्षापणांचा कायम निधी ठेविला. हा निधी कोणाकडे ठेविला? गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज घ्यायचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत. हिशेब करून पाहा. दोन हजारांचे शेकडा एकप्रमाणे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा-बारा दिले तर दोनशे चाळीसच होतात. एक पैचाही फरक नाही. शेवटी लेख सांगतो की हे सारे निगमसभेत वाचून दाखविले गेले आणि रीतीप्रमाणे नोंदले गेले. आजच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल, व्याजाचा दर, लाभार्थींची संख्या, खर्चाचे कारण, जाहीर वाचन आणि नोंदणी असे सर्व काही त्यात आहे. आपल्या कित्येक ट्रस्टांच्या कागदपत्रांत एवढी स्पष्टता सापडत नाही.

परंतु या लेखाकडे केवळ कौतुकाने पाहून भागणार नाही. याच उषवदाताने ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्याचेही हेच लेख सांगतात. म्हणजे मोठा दाता एकाच वेळी अनेक दारी दान ठेवतो. ज्याच्या हाती सत्ता नवी आहे, ज्याला परक्या प्रदेशात मान्यता हवी आहे, तो सर्वांनाच देतो. दानाच्या पोटात मान्यतेची मागणी असते हे त्रिरश्मीवर कोरलेले आहे.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. उषवदाताने मुद्दल दिले, पण भिक्षूंच्या अंगावर चीवर घातले कोणी? वर्षानुवर्षे ते व्याज भरले गोवर्धनाच्या विणकरांनी. माग चालला, धोटा फिरला, तेव्हा शेकडा एक निघाला. लेखात उषवदाताचे नाव आहे, बापाचे आहे, सासऱ्याचे आहे. विणकर मात्र 'श्रेणी' या एका शब्दात मावले. त्याच लेण्यात पुढच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या राजवटीतला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेविली. ती ठेव कुंभारांच्या, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींकडे होती. औषधाचा पैसा निघाला तो पुन्हा चाकावरून, रहाटावरून आणि घाण्यावरून.

मग या डोंगरावर श्रमणाऱ्याचे नावच नाही काय? आहे, आणि तेच आपल्याला पाहायचे आहे. आठव्या लेण्यात एक अगदी लहान लेख आहे. दासक मुगुदास याने सपरिवार हे लेणे दान दिले, एवढाच त्याचा मजकूर. दासक म्हणजे कोळी, मासेमारी करणारा, असा अर्थ अभ्यासकांनी लावलेला आहे. राजाच्या जावयाचे लेणे भव्य आहे, कोळ्याचे लहान आहे. पण दोघांच्याही दानाला त्या भिंतीवर शब्द एकच आहे : देयधर्म. राजाचा देयधर्म आणि कोळ्याचा देयधर्म यांत भाषेने भेद केला नाही. बुद्धाच्या संघाने दात्याची ऐपत मोजली नाही असे मी म्हणणार नाही. ज्या संघाकडे व्याजाचा इतका काटेकोर हिशेब होता, त्याला ऐपत कळत नव्हती असे कसे म्हणता येईल? पण ऐपत मोजूनही त्याने कोळ्याचे नाव भिंतीवर येऊ दिले. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

३

याच नाशकात दानाचे दुसरे रूपही उभे आहे. पंचवटीतले काळाराम मंदिर पेशवाईच्या उत्तरकाळात सरदार रंगराव ओढेकरांनी बांधले. दात्याचे नाव अजून सांगितले जाते. पण त्या दानाने जे दार उभे राहिले ते आपल्यासाठी बंद होते. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या खांद्यावर जो सत्याग्रह सुरू झाला, तो याच दारापाशी. दान म्हटले की ते पवित्रच, अशी आपल्याकडे समजूत आहे. काळारामाच्या दाराने ती समजूत खोटी पाडली. दानाने दार उघडते तसे बंदही होते. दगड कोणाच्या पैशाने बसविला यापेक्षा उंबरठा कोणाला ओलांडता येतो, हा खरा प्रश्न आहे.

विसाव्या शतकात नाशकात शिक्षणासाठी दान मागण्याचे युग सुरू झाले. १९१४ साली मराठा समाजातल्या मंडळींनी मराठा विद्या प्रसारक संस्थेचे काम उभे केले. उदोजी मराठा बोर्डिंग हे त्याचे आरंभीचे रूप, आणि त्याचे नाव धारच्या पवार घराण्याशी जोडलेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९२० साली नाशकास येऊन या बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला बसविली. १९१८ साली गोखले एज्युकेशन सोसायटी निघाली. १९२४ साली तिने काढलेल्या कला महाविद्यालयाला हंसराज प्रागजी ठाकरसी यांचे नाव मिळाले. नाशिकमधला विद्यार्थी आजही 'एचपीटी' म्हणतो. त्या तीन अक्षरांत एका धनिकाचे संपूर्ण नाव आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. दात्याला याहून मोठा परतावा कोणता?

ठाकरसी हे नाव मराठी शिक्षणाच्या इतिहासात दुसऱ्या एका ठिकाणीही भेटते. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. झोळी घेऊन दारोदार फिरण्यात त्यांचा हात धरणारा माणूस त्या काळात नव्हता. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव आले. मधली चार वर्षे वाया गेली असे समजू नये. दाता काम पाहत होता, जपानच्या प्रवासात तिथले महिला विद्यापीठ पाहून आला होता, आणि मग त्याने दिले. मोठा दाता एका भेटीत मिळत नाही, त्याच्या मनात काम रुजावे लागते, हे कर्व्यांना कळत होते. योगायोग असा की याच सुमारास, १९१९-२० साली, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने जॉन प्राइस जोन्स या व्यावसायिकाच्या हाती मोहीम देऊन सुमारे एक कोटी चाळीस लाख डॉलर जमविले. माजी विद्यार्थ्यांच्या याद्या, त्यांच्या मिळकतीचा अंदाज, कोणाकडे कोणी जायचे याची वाटणी असे ते काम होते. आमच्या तरुण कार्यकर्त्याच्या यादीचे पूर्वज तिथे सापडतात.

कमानीवरची ही नावे वाचताना चौथा रकाना आठवावा. नाशकातल्या वाणिज्य महाविद्यालयाला बी.वाय.के. म्हणतात. ही अक्षरे सिन्नरच्या भिकुसा यामासा क्षत्रिय यांची, म्हणजे विडीच्या धंद्यातल्या मोठ्या नावाची. त्या महाविद्यालयाने हजारो मुलांना शिकविले, त्यांत आपलीही मुले होती. ते ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण विडी वळते कोण? सिन्नर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात मांडीवर सूप घेऊन पानाला कात्री लावणाऱ्या बायकांच्या बोटांतून तो पैसा निघाला. हजार विड्यांमागे किती मजुरी, या एका आकड्यावर त्या बायकांचा संसार उभा होता. संगमनेर-अकोले तालुक्यांतल्या विडी कामगारांच्या युनियनविरुद्ध याच नावाची पेढी किमान वेतनाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. साठच्या दशकाच्या आरंभीचा तो निकाल कायद्याच्या अहवालांत छापलेला आहे. प्रदेशागणिक वेगवेगळे किमान वेतन ठरविण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. हे मी कोणाची निंदा करण्यासाठी लिहीत नाही. त्या काळात जवळजवळ प्रत्येक उद्योगाची हीच रीत होती. म्हणायचे एवढेच की गोवर्धनाचा विणकर आणि सिन्नरची विडीवाली यांच्यामध्ये अठराशे वर्षांचे अंतर असले तरी इतिहासाने दोघांना एकाच जागी उभे केले आहे. दोघांच्याही हातांतून दान निघाले, आणि दोघांचीही नावे कमानीवर नाहीत.

४

आता बाबासाहेबांकडे वळू. त्यांच्या चरित्रात दान मागण्याचे प्रसंग पुष्कळ आहेत, पण आपण त्यांच्याकडे त्या नजरेने पाहत नाही. पाहिले पाहिजे. कारण दात्याचा अभ्यास करणे आणि दात्यापुढे लाचार होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिथे दिसते.

पहिला प्रसंग कृष्णाजी अर्जुन केळुसकरांचा. भीमराव इंटरमीजिएट झाले आणि पुढच्या शिक्षणाला घरी पैसा नव्हता. सयाजीराव गायकवाडांनी मुंबईच्या एका सभेत, लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याची तयारी दाखविली होती. केळुसकरांनी तो शब्द लक्षात ठेविला आणि वेळ येताच त्या विद्यार्थ्यालाच महाराजांपुढे उभे केले. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. दात्याने जाहीरपणे काय म्हटले आहे हे टिपून ठेवायचे आणि त्याच शब्दाची त्याला आठवण द्यायची! कोणत्याही विद्यापीठाचा पगारी अधिकारी यापेक्षा वेगळे काय करतो? फरक एवढाच की केळुसकरांना यातून स्वतःसाठी काहीच मिळवायचे नव्हते.

दुसरा प्रसंग ४ जून १९१३ चा. कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीबरोबर करारनामा आला : शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. दानाला अट होती आणि ती अट घेऊन बाबासाहेब १९१७ साली बडोद्यास गेले. तिथे राहायला जागा मिळाली नाही, कचेरीत शिपाई कागद लांबून टाकीत, हे आपण जाणतोच. दाता उदार होता, यात संशय नाही. पण दात्याचे मन मोठे असून भागत नाही. त्याच्या दरबारातला शिपाईसुद्धा त्या दानाचा एक भाग असतो. ज्याच्याकडून पैसा घ्यायचा त्याचे केवळ मन पाहू नये, त्याचे घर पाहावे, हा धडा बडोद्याने शिकविला.

कोलंबियात बाबासाहेब ज्या ग्रंथालयात बसत त्याचे नाव लो मेमोरियल लायब्ररी. विद्यापीठाचे अध्यक्ष सेथ लो यांनी दहा लाख डॉलर देऊन ते आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ बांधले. वडील एबिएल ॲबट लो हे चीनच्या व्यापारातले, आणि ज्या रसेल कंपनीत ते वाढले ती चहाबरोबर अफूचाही व्यापार करी. महूच्या छावणीत जन्मलेला एक महार विद्यार्थी त्या ग्रंथालयात बसून जातीच्या उगमाचा शोध घेत होता. पैसा जिथून आला तिथून आला. पण त्या पैशाने उभ्या केलेल्या दारातून कोण आत गेला आणि त्याने आत जाऊन काय केले, यावरही त्या पैशाचा निवाडा व्हावा. चौथ्या रकान्याला हा पाचवा रकाना जोडावा लागतो. नाहीतर आपण सोवळेपणाच्या दुसऱ्याच प्रकारात जाऊन पडू.

तिसरा प्रसंग सरकारचा. १९२८ च्या सुमारास बाबासाहेबांनी दलित वर्ग शिक्षण संस्था काढली आणि मुंबई सरकारकडून माध्यमिक विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी अनुदान मिळविले. पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि धारवाड ही ती ठिकाणे. म्हणजे नाशकातल्या आपल्या शिक्षणाच्या पायातही असा एक दगड आहे. पण त्यांच्या पद्धतीचा कळस १९४२ साली दिसतो. त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यात दया मागितलेली नाही. हिंदुस्थान सरकार अलीगढ आणि बनारस या दोन विद्यापीठांना दरसाल तीन-तीन लाख रुपये देते, मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी काय देते, असा तो हिशेब आहे. पुढे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी दरसाल तीन लाखच मंजूर झाले, आणि आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्यातूनच वाढली. देणाऱ्याची वही आधी वाचायची, त्याने दुसऱ्याला काय दिले ते शोधायचे, आणि मग तेवढेच हक्काने मागायचे. दात्याचा अभ्यास तोच, पण मागणाऱ्याची मान ताठ.

१९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झालेले महाविद्यालय सुरू झाले. औरंगाबादच्या कामासाठी हैदराबाद राज्याच्या अनुसूचित जाती निधीतून पैसा उभा केला तो कर्जाऊ. कर्ज फेडायचे असते, त्याला दात्याच्या आजीच्या नावाची पाटी लावावी लागत नाही. आणि संस्थांची नावे पाहा : सिद्धार्थ, मिलिंद, नागसेनवन. मुंबईच्या इमारतींची नावे बुद्ध भवन आणि आनंद भवन. ज्या काळात नाव विकून महाविद्यालय बांधता येत होते त्या काळात बाबासाहेबांनी कमान विकली नाही. आपल्या इतिहासातली सर्वांत मौल्यवान जागा त्यांनी आपल्या इतिहासासाठी राखून ठेविली.

५

नावाची किंमत काय असते हे दलित समाजाला कोणी शिकवायला नको. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. त्या शहरात त्याच्या आठ वर्षे आधी बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतून आपल्या वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सोळा वर्षे आणि इतके जीव, एका नावासाठी.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. १९२४ साली एका धनिकाचे नाव महाविद्यालयाला मिळाले तेव्हा गावात एक दगडही उचलला गेला नाही. धनाने आलेले नाव सर्वांना सहज वाटते. विचाराने, कर्तृत्वाने, रक्ताने मिळविलेले नाव मात्र लोकांना जड जाते. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुल्यांचे नाव मिळाले. नाशिकचा विद्यार्थी आज त्याच विद्यापीठाची पदवी घेतो, हे समाधानाचे आहे. पण त्यामुळे हिशेब मिटत नाही. विद्यापीठांत इमारती, सभागृहे, अध्यासने यांची नावे यापुढे पैशानेच ठरतील असे वारे आज वाहत आहे. सरकारी अनुदान अपुरे पडते म्हणून विद्यापीठे आता उद्योगपतींकडे पाहतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामासाठी खर्च करायला लावला आहे, आणि शिक्षण हा त्यांचा आवडता विषय आहे. उद्या आपल्या संस्थाही या रांगेत उभ्या राहणार. राहू नयेत असे माझे म्हणणे नाही. पण रांगेत कसे उभे राहायचे, हे आत्ताच ठरविले पाहिजे.

६

म्हणून त्या तरुण कार्यकर्त्याने यादी फाडू नये, ती पूर्ण करावी असे मला वाटते. शोध घ्यायचाच असेल तर तो सभ्यपणे आणि उघड्या कागदपत्रांतून घ्यावा. सार्वजनिक न्यासांची नोंद १९५० च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद आणि सामाजिक खर्चाचे अहवाल कोणालाही पाहता येतात. न्यायालयाचे निकाल छापलेले असतात. माणसाच्या घरातल्या खाजगी गोष्टी उकरण्याची गरज नाही आणि तो आपला मार्गही नाही. पण ज्या कारखान्याचा पैसा घ्यायचा, त्या कारखान्यात सफाईचे काम कंत्राटावर कोण करते, त्याला किमान वेतन मिळते का, भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, एवढे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आपलीच माणसे कामाला आहेत. चौथा रकाना भरण्यासाठी त्यांच्यासारखा साक्षीदार दुसरा कुठे मिळेल?

उत्तर वाईट आले तर काय करायचे? इथे मतभेद होतील आणि ते व्हावेत. काहीजण म्हणतील, पैसा घ्या आणि मुले शिकवा, आपल्या श्रमाचाच तो पैसा आहे, परत येतो आहे तर येऊ द्या. काहीजण म्हणतील, अशा पैशाची पाटी आपल्या दारावर नको. मला स्वतःला पहिले म्हणणे अर्धे पटते आणि दुसरे अर्धे. पैसा घ्यावा, पण मजुरी बुडविणाऱ्याला त्या पैशाच्या मोबदल्यात गप्प बसण्याचे वचन देऊ नये. मुलांना शिकवावे, पण कामगाराच्या मोर्च्याला आपल्या वसतिगृहातली पोरे जाऊ नयेत अशी अट आली तर पाकीट परत करावे. अट लेखी नसते हे लक्षात ठेवावे. ती दात्याच्या एका भुवईत असते, आणि आपला चिटणीस ती बरोबर वाचतो. बाबासाहेबांच्या वहीतून शिकायचे ते हे : हिशेब मांडून मागावे, हक्काने मागावे, जमेल तेथे कर्ज घ्यावे आणि फेडावे, आणि कमान विकू नये.

शेवटची गोष्ट पावतीपुस्तकाची. आपल्या प्रत्येक संस्थेच्या कपाटात जुनी पावतीपुस्तके आहेत. छापखान्यातल्या कामगाराने पगारातून दिलेले पाच रुपये, देवळालीच्या छावणीत काम करणाऱ्याचे दोन, भाजी विकणाऱ्या बाईचे आठ आणे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मूठमूठ धान्यावर वसतिगृहे चालविली, त्या मुष्टिफंडाचा इतिहास निदान सांगितला तरी जातो. आपली पावतीपुस्तके मात्र वाळवीने खाल्ली. त्या बैठकीनंतर मी त्या वृद्ध सभासदांबरोबर त्यांच्या संस्थेचे जुने कपाट उघडून पाहिले. काही पुस्तकांचा चुरा हातात आला. एका पुस्तकाच्या तळाशी सतरा पावत्या शाबूत होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक नाव मोठ्याने वाचले. काही नावांपुढे सही नव्हती, अंगठा होता.

आम्ही ठरविले आहे ते असे. नवे महाविद्यालय ज्या दिवशी उभे राहील त्या दिवशी आतल्या भिंतीवर, मोठ्या दात्यांच्या पाटीइतक्याच मोठ्या अक्षरांत, ही सतरा नावे आणि पुढे सापडतील ती सर्व नावे लावायची. रकमेचा रकाना ठेवायचा नाही. त्रिरश्मीवर ज्या भिंतींनी राजाच्या जावयाला आणि कोळ्याला एकच शब्द दिला, त्याच डोंगराखाली आपण राहतो. तेवढी शिकवण आपल्याला पेलली पाहिजे. आणि वाचकांना एकच विनंती : तुमच्या गावातल्या संस्थेचे कपाट या महिन्यात उघडा. वाळवी थांबत नसते.